लाभपाचमचं पाणी

आबांना कापड विणायच्या लूमवरून सुटायचं होतं. बाकी काही नाही. नंदुरबारकडून सुरतेत आले तेव्हा तळ्यातल्या माशाची उडी त्यांना पाठमोरं असतानाही ऐकू यायची. मी कॉलेजात जाईपर्यंत शेजारी बसूनसुद्धा माझ्या बापाशी ओरडून बोलावं लागायला लागलं. लूमच्या खडखडाटानं माणसाचे कान खाल्ले तर त्याला इथं आजार म्हणत नाहीत. अनुभव म्हणतात.

सुरतेबाहेर, कडोदऱ्याच्या पुढे एका गावचं तळं त्यांनी मासे पाळायला ठेक्यानं घेतलं. पाणी तपासून घ्यायचं तर दिवाळीतच, कारण लूम बंद तेव्हाच. मत्स्यखात्याचे साहेब आले, बाटली काठोकाठ भरली, दोन औषधांचे थेंब टाकले. आत काकवीच्या रंगाचा साका जमला.

"प्राणवायू भरपूर आहे," साहेब म्हणाले. "साका पांढरा आला असता तर समजायचं, माशाला श्वास घ्यायला काही नाही."

आबांनी बाटली उन्हात धरली. "पाह्य माय, पानी बेस शे!" लाडात असले की मी माय. मोर्च्याची पत्रकं वाटायला लागल्यापासून, चिडवायचं असलं की पत्रकवाली. "आते काय छापशी, पत्रकवाली? पाणी चांगलं निघालं, जाहीर निषेध?"

मीही हसले. बांधापलीकडे बाभळींत एक नाला होता, ठणठणीत कोरडा. साहेब म्हणाले, पावसाळी दिसतोय.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमला सुरत नारळ फोडून पुन्हा कामाला लागतं. आबांनी शेठला निरोप धाडला, मी आता येत नाही. आणि त्याच सकाळी तळ्यात बोटुकली सोडली, रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं. पिशव्या आधी नुसत्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईस्तोवर. मग तोंडं उघडली. आबा कमरेएवढ्या पाण्यात हात पसरून उभे, पिल्लं त्यांच्या बोटांमधून जात होती. इतकं गप्प आणि इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

त्याच मुहूर्तावर, नाल्याच्या वरच्या अंगाला, कापड रंगवण्याच्या एका मिलनंही नारळ फोडला होता. ते आम्हाला कोण सांगणार?

काही दिवसांनी उजाडताना मी बांधावरच्या झोपडीतून बाहेर आले. आबा काठावर उकिडवे बसले होते. पाणी सगळीकडे हलत होतं.

"पाह्य, कसा खेळी राह्यनात!"

मला आवाज येत होता. चप. चप. चप. तळंभर इवली तोंडं वर येऊन हवा ओढत होती. त्यांना तो आवाज येत नव्हता.

"आबा, ते खेळत नाहीत!"

"काय?"

"ते मरताहेत, आबा!"

"काय म्हनस?"

हे मला माझ्या बापाच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागलं. नाला वाहत होता. जांभळा, वाफा सोडत, बांधाच्या फटींतून तळ्यात उतरत.

साहेब आले. साका पांढरा आला. आबांना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"आमची पहिली तपासणी बरोबरच होती," साहेब म्हणाले.

"मिल बंद असताना!" मी म्हणाले. "सणाच्या दिवशी कुणीही चांगलंच दिसतं, साहेब. पाण्याला त्याच्या वाईट दिवशी विचारायचं असतं."

"तुम्ही बोलावलंत तेव्हा आलो, बेन."

तेही खरंच. लूमवर बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला वर्षातून मोकळे मिळतात ते दिवाळीचेच दिवस, आणि त्या नाल्यालाही तेवढेच. म्हणून काय विष सोडणारा सुटला? आबांनी चुकीच्या दिवशी पाणी तपासलं, हा गुन्हा. आणि रोज सोडतात तो धंदा?

त्या दुपारी मी पत्रक लिहायला बसले. मिलचं नाव घातलं, गावाचं, आबांचं. आबा मेलेली पिल्लं टोपल्यांतून काढून, पुरून आले होते. दाराशी टेकले.

"काय लिखी राह्यनी?"

ओरडून सांगितलं. त्यांनी हातांची माती झटकली.

"नाव नको टाकू, माय. कोनंच नको. समदा शेठ एकमेकले वळखतस. माले सोमवारले लूमवर जानं शे."

मी काहीतरी ओरडले. काय ते आता आठवत नाही. ऐकू आलं नसणारच, पण त्यांनी "काय?" म्हणून विचारलं नाही.