उसन्या आवाजाचा म्हातारा

सव्विसाव्या वर्षी मला टक्कल पडलं आणि रत्नागिरीच्या हौशी नाटकवाल्यांना एक कायमचा म्हातारा मिळाला. दिवसा मी सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी तालमीत कुणाचा ना कुणाचा बाप. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे नट माझ्या पाया पडत. नायकाचं काम मी एकदाच मागितलं. दिग्दर्शकाला वाटलं मी विनोद केला, तो हसला.

१९९९च्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमाचं युनिट आलं. त्यांना ‘अस्सल कोकणी म्हातारा’ हवा होता. मी चौतीस वर्षांचा. टकलावर निवड झाली. संवाद सगळे ‘मी इलंय’ छापाचे.

“साहेब, ही मालवणी,” मी म्हटलं. “आम्ही रत्नागिरीचे असं बोलत नाही.”

“प्रेक्षकांना कोकण म्हणजे हेच माहीत आहे,” दिग्दर्शक म्हणाला, आणि मला कोकणी शिकवायला त्याने आपला सहायक दिला. सहायक पुण्याचा. समुद्र त्याने त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता. चित्रीकरण मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात, त्यामुळे शिकवणीही जेटीवरच. मासळीच्या वासाने तो नाकाला रुमाल लावून “इलंय” म्हणे, आणि मीही ते नाकातूनच उचललं. लिलावाला आलेल्या एका बाईने काळजीने विचारलं, “भाऊंना काय होतंय?”

सिनेमा लागला तेव्हा मी घरच्यांना आणि साहेबांसकट सगळ्या कचेरीला घेऊन गेलो. पडद्यावर मी तोंड उघडलं आणि आतून दुसराच माणूस बोलला. भरदार, खर्जातला आवाज. मुंबईत कुणीतरी माझा आवाज पुसून टाकला होता आणि मला कळवलंही नव्हतं. अंधारात माझे कान तापले.

बायको कानाशी वाकली. “अहो, हाच बरा आहे. घरी आणता येईल का?”

महिन्याभराने एका मालिकेवाल्यांचा फोन आला. “तुमची मालवणी ऐकली. काय आवाज आहे हो!”

खरं सांगणार होतो. पण मोह झाला. जमेल तेवढ्या खर्जात म्हणालो, “कधी येऊ?”

मग कचेरीतल्या कुडाळच्या शिपायाकडून रीतसर मालवणी शिकलो. पुढची काही वर्षं त्या भाषेत मी हवालदार झालो, पोस्टमन झालो, चार वेळा हृदयविकाराने मेलो.

आमच्या बोलीतलं एकच वाक्य वाट्याला आलं, तेही नाटकात, आमच्याच गावी. “च्या ठेव गो बाय, दमलो मी.” टाळी आली नाही, कुणी हसलंही नाही. घरचंच कुणीतरी बोलल्यासारखं सगळे ऐकत राहिले. विंगेत आलो आणि मला रडू आलं. चिकटवलेली दाढी भिजून सुटली म्हणून मेकअपवाला माझ्यावर खेकसला.