मामूंचा पौंड

सकाळी पेपर हातात आला की मामू आधी परकीय चलनाचे दर शोधायचे. पौंड चढलेला असला की ओट्यावरून हाक यायची, "या रे, आज आपण मालदार." मग सगळ्यांना चहा-खारी, मामूंच्या खर्चाने. पौंड उतरलेला असला की पेपर घडी करून मांडीखाली. विचारलं तर म्हणायचे, "आज पेपरच आला न्हाय."

आमच्या मोहल्ल्यातल्या यंत्रमागवाल्यांनी आणि कामगारांनी मिळून एक फंड काढला होता. मामूंचा भाचा विलायतेत, त्याच्या नावाने बँकेत पौंडांची ठेव. हिशेब मामूंकडे. चढलेला भाव ते लगेच नफा म्हणून मांडायचे, उतरलेला मांडायचेच नाहीत. भिवंडीत वीज जायची, माग बंद पडायचे, कापडाचा भाव कोसळायचा. मामूंच्या वहीत पौंड तेवढा कधी पडला नाही.

मी घरातला पहिला बी.कॉम. हे मी कोणापासून लपवलेलं नाही. मी म्हणालो, "मामू, ठेव मोडल्याशिवाय नफा हातात येत नाही. आणि चढ मांडता, तर उतारही मांडायला हवा."

"तो तुमच्या कॉलेजात मांडा. इथे लोकांना झोप लागायला हवी."

असे हिशेबनीस तुम्हीही पाहिले असतील, आणि खारी बुडवत माना डोलावणारे आमच्यासारखे सभासदही.

अडलं ते फंडातल्या एका जॉबरपाशी. जन्मभर दुसऱ्यांचे माग दुरुस्त करणाऱ्या या माणसाला स्वतःचे दोन जुने माग मिळत होते. त्याने हिस्सा मागितला. वहीप्रमाणे पैसे दोन मागांना पुरत होते, बँकेच्या भावाने जेमतेम एकाला. वहीप्रमाणे द्यायचे, तर बाकीच्यांच्या हिश्शातून जाणार.

मामूंनी वही मिटली. मग म्हणाले, "तू दोन घे. कमी पडेल ते माझ्या हिश्शातून."

जॉबरने बशीतला चहा संपवला. "मामू, आमच्या घरी पेपर येतो. मला एकच माग पुरे."

दुसऱ्या दिवसापासून मामू उतरलेला भावही मोठ्याने वाचू लागले. खारी तीच होती, पण ओट्यावरची गर्दी घटली.

पुढे नव्वदनंतर रुपया घसरला, पौंड उसळला आणि ठेव मोडली. खराखुरा नफा हातात आला तेव्हा मामू नव्हते. त्यांचा हिस्सा घेऊन मी मामींकडे गेलो, आकडा सांगितला.

मामींनी नोटांना हात लावला नाही. म्हणाल्या, "हे पैसे खरे हायत ना बाबा? का ह्यांच्या वहीतले?"