चौदाशे त्रेसष्ट नावं

वसईजवळच्या निर्मळ गावच्या शत्रुघ्न राऊतांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. केळीची छोटी वाडी, अंधेरीला एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी, घरी ते आणि यमुनाकाकू. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. गावात त्यांची ओळख मात्र वाडीची नव्हती की नोकरीचीही नव्हती. कुणाला रक्त लागलं की नानांच्या घरी फोन जायचा.

सुरुवात झाली सत्त्याऐंशी साली. नानांचे मोठे भाऊ शांताराम नारळावरून पडले. रक्त हवं होतं, आणि त्या दिवशी वसईत त्या गटाचं मिळालं नाही. नाना मुंबईला धावले, बर्फात ठेवलेल्या दोन बाटल्या मांडीवर घेऊन परत आले. तोवर भाऊ गेलेले होते. पुढे महिन्याभराने त्यांना कळलं, की त्याच गटाचा एक माणूस त्यांच्या घरापासून चार वाड्या सोडून राहत होता. विचारलं असतं तर तो लगेच आला असता. पण त्याचा गट कोणता, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर नानांनी एक वही केली. भेटेल त्याला रक्तगट विचारायचे. लग्नात, देवळाच्या जत्रेत, बँकेच्या रांगेत. लोक हसायचे आणि सांगायचे. पंच्याण्णव साली कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक नानांनी घरी आणला. ऑफिसातल्या एका मित्राने त्यांना छोटा प्रोग्राम लिहून दिला. गट टाकला की नावं, पत्ते, फोन नंबर ओळीने पडद्यावर यायचे, काळ्यावर हिरव्या अक्षरांत. वहीतली सगळी नावं नानांनी रोज संध्याकाळी बसून त्यात घातली. प्रोग्राम लिहिणारा मित्र पुढे बंगलोरला गेला.

वर्षं गेली तशी यादी वाढली. आगाशी, वटार, नाळे, विरार, नालासोपारा. मधेच टेलिफोन एक्स्चेंज बदललं आणि शेकडो लोकांचे नंबर बदलले. नानांनी दोन महिने खपून नवे नंबर मिळवले आणि कॉम्प्युटरात दुरुस्त केले. वहीतले नंबर तेव्हाच निकामी झाले आणि वही रद्दीत गेली. प्रिंटर त्याआधीच बंद पडला होता, त्याची रिबन कुठे मिळत नव्हती. म्हणजे आता सगळं त्या एका डब्यात होतं.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात डब्यातून आवाज यायला लागला. चालू करताना करकर, मग एक टक, मग शांतता. त्या शांततेत नाना उभे राहून पडद्याकडे बघायचे. अक्षरं उमटली की खुर्चीत बसायचे. एकदा ती जवळजवळ दोन मिनिटं उमटली नाहीत. त्या दिवसापासून नानांनी कॉम्प्युटर बंदच केला नाही. त्याच्यासाठी इन्व्हर्टर घेतला. वीज गेली की पंखा बंद, दिवा बंद, फक्त कॉम्प्युटर चालू. यमुनाकाकू उकाड्यात पदराने वारा घेत बसायच्या.

"अहो, नवीन घेऊन टाका ना," एकदा त्या म्हणाल्या.

"घेऊ," नाना म्हणाले, "पण यातलं त्यात जाताना काही झालं तर?"

"आणि यातच काही झालं तर?"

असेच आठ महिने गेले. शेवटी दोन हजार दोनच्या मे महिन्यात, एका रविवारी, विरारहून अल्पेश नवा कॉम्प्युटर घेऊन आला. अल्पेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं कमी आणि कामात चोख. त्याने जुन्या डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "नाना, याला मोठी फ्लॉपी लागते. नव्याला छोटी. फ्लॉपीने होणार नाही. हार्ड डिस्क काढून नव्याला जोडतो, मग एका झटक्यात सगळं उतरेल."

"काढायची म्हणजे बंद करावा लागेल."

"हो."

नाना स्वतःच पुढे झाले आणि त्यांनी बटण दाबलं. हिरवी अक्षरं मिटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत आवाज नव्हता.

अल्पेशने डिस्क काढली आणि नव्या कॉम्प्युटरला जोडली. नव्याने ती ओळखलीच नाही. वायर बदलली, परत लावली. मग त्याने डिस्क कानाशी धरली.

"फिरत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इतके महिने सलग गरम होती. आता थंड पडली आणि आतली चकती अडकली."

नाना भिंतीला धरून खाली बसले. काकूंनी पाणी आणलं ते त्यांनी घेतलं नाही. आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन आगाशीच्या एका नर्सिंग होममधून होता. डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या. बाळंतपणाला आलेली एक बाई, रक्तस्राव सुरू झालेला, ऑपरेशन करायलाच हवं. तिचा गट ओ दिसतो, पण वसईच्या रक्तपेढीत ओ गटाची एकही बाटली तिच्या रक्ताशी जुळत नाही.

"बॉम्बे ग्रुप आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मुंबईला फोन चालू आहेत. पण तुमच्या यादीत कुणी आहे का? संध्याकाळपर्यंत मिळालं तर बरं. त्यापुढे मी सांगू शकत नाही."

दहा हजारांत एखाद्याचा असतो असा हा गट. अशा माणसाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. नानांच्या यादीत असे तीन जण होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीन. पण ते कोण?

नाना मला पुढे सांगायचे, "वही होती तेव्हा मला अख्खी पानं पाठ होती. कॉम्प्युटर आला आणि मी पाठ ठेवणं सोडून दिलं. त्या दिवशी डोळे मिटले तर समोर फक्त हिरव्या रेघा. नाव एकही नाही."

"आहे ना हो कुणी?" काकूंनी विचारलं.

"आहे," नाना म्हणाले. फोनवर डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. नाही म्हणायची त्यांना हिंमत झाली नव्हती.

मग एक नाव आठवलं. वटारचा आलोशियस. या गटाचा त्यांना सापडलेला पहिला माणूस. पाच वर्षांपूर्वी ते स्वतः त्याला घेऊन रक्तपेढीत गेले होते. फोन नंबर आठवत नव्हता, घर आठवत होतं. त्यांनी स्कूटर काढली.

"तू बघ काय होतंय ते," जाताना ते अल्पेशला एवढंच म्हणाले.

वटारच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नव्हतं. एका वळणावर चाक वाळूवर घसरलं आणि नाना पडता पडता वाचले. आपण पडलो तर नर्सिंग होममध्ये कुणाला कळणारही नाही, ते वाट बघत बसतील, हा विचार मनात आला आणि त्यांनी वेग कमी केला. मग वेळ जातोय म्हणून परत वाढवला.

आलोशियसच्या अंगणात त्याची बहीण जुलियाना वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. नानांनी धापा टाकत विचारलं.

"दादा कुवेतला गेलाय," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं."

नाना तिथेच ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं. नानांनी सगळं सांगितलं.

"दादाचा जो गट आहे तो बहिणीचा असू शकतो का?"

"असू शकतो. चौघांत एखाद्याचा असतो. तुझा कधी तपासलाय?"

"ओ आहे म्हणून सांगितलंय. पुढचं काही तपासलं नाही."

तिने मिरच्यांवर टोपली पालथी घातली, आत जाऊन आईला सांगितलं आणि स्कूटरवर मागे बसली. दोघं वसईला निघाली. जुलियानाने आयुष्यात कधी रक्त दिलेलं नव्हतं. सुईला ती इतकी घाबरायची की लहानपणी लसीकरणाला आलेल्या नर्सला बघून माडीवर लपली होती. हे तिने नंतर सांगितलं.

रक्तपेढीत तिची तपासणी सुरू झाली. नाना बाहेरच्या बाकावर बसले. समोर त्या बाईचा नवरा उभा होता. पोरसवदा, शर्टाची बटणं चुकीची लावलेली. तो नानांकडे बघत होता आणि नाना फरशीकडे. कुणीतरी आहे असं आपण सांगितलं, या माणसाने ते ऐकलं, आणि आता नाही म्हणायची वेळ आली तर कोणत्या तोंडाने सांगायचं?

अर्ध्या तासाने तंत्रज्ञ बाहेर आला. जुलियानाचं रक्त साधं ओ होतं.

जुलियाना मागोमाग आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "सॉरी, नाना," ती म्हणाली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते उठले आणि रक्तपेढीच्या फोनवरून घरी फोन लावला.

इकडे घरी अल्पेशने एक वेडा उपाय केला होता. डिस्क कापडात गुंडाळून त्याने ती उन्हात तापलेल्या दगडी पायरीवर ठेवली. पंधरा मिनिटांनी उचलली, हातात आडवी धरून मनगटाला एक झटका दिला, आणि नव्याच्या वाटेला न जाता सरळ जुन्याच डब्यात परत जोडली. बटण दाबलं. करकर झाली. टक झालं. मग बराच वेळ काहीच नाही. यमुनाकाकू देवाचं नावही घ्यायला विसरल्या होत्या. मग पडदा हिरवा झाला.

नानांचा फोन आला तेव्हा काकूंच्या हातात कागद तयार होता.

"चालू झालाय," त्या म्हणाल्या. "तिघं आहेत. एक आलोशियस. दुसऱ्याचा नंबर लागत नाही. तिसरी विरारची विनिता, शाळेत शिकवते. तिच्याशी बोलले मी. रिक्षाने निघालीय, वीस मिनिटं झाली."

नानांनी फोन ठेवला, पण हात फोनवरच राहिला. विनिता येईपर्यंत त्यांना शंभर गोष्टी सुचल्या. रिक्षा बंद पडेल. तिला ताप असेल, कावीळ होऊन गेली असेल, हिमोग्लोबिन कमी निघेल. विनिता आली, घामाघूम, पर्स छातीशी धरून. तिचं रक्त जुळलं. एकच बाटली, पण तेवढ्यावर डॉक्टरांनी ऑपरेशनला हात घातला, आणि दुसरी मुंबईहून संध्याकाळी उशिरा पोचली. बाई वाचली. मुलगी झाली.

नाना जुलियानाला वटारला सोडून घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू पडद्यासमोर मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. अल्पेशने त्यांना सांगितलं होतं, की ही डिस्क किती वेळ चालेल सांगता येत नाही, दिसतंय ते हाताने उतरवून घ्या. त्यांनी आधी बॉम्बे ग्रुपचे तिघे घेतले, मग यादीत येतील तसे एकेक गट. पाच वाजायच्या सुमारास आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला आणि अक्षरं जागच्या जागी थिजली. मग ती डिस्क कधीच फिरली नाही.

चौदाशे त्रेसष्ट नावांपैकी काकूंच्या वहीत तीनशे बारा होती.

"एबी निगेटिव्हपर्यंत पोचले नाही," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोटाला पेनाचा वळ उठला होता.

गावात नानांचं कौतुक झालं. ते काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. नवा कॉम्प्युटर टेबलावर बसला, पडदा रंगीत, आवाज नाही, सुरू व्हायला मिनिटही लागायचं नाही. त्याच्यात तीनशे बारा नावं घातली गेली. पण फोन वाजला की नाना आधी रिंग मोजायचे, मग उचलायचे.

ऑगस्टमध्ये तो फोन आलाच. नालासोपाऱ्याहून, एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी, एबी निगेटिव्ह. नाना म्हणाले, "माझ्याकडे होते. आता नाहीत." पलीकडच्या मुलीला काही कळलं नाही. "होते म्हणजे?" तिने विचारलं. नानांनी तिला मुंबईच्या दोन रक्तपेढ्यांचे नंबर दिले. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही. नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून घेतला होता. विचारायचं धाडस झालं नाही. तो कागद त्यांनी फाडलाही नाही.

पुढची चार वर्षं रविवार आला की नाना स्कूटर काढून गावोगाव फिरले. जुनी माणसं पुन्हा शोधली, पुन्हा विचारलं. कुणी मेलं होतं, कुणी घर बदललं होतं, कुणी म्हणालं, नाना, तुम्हाला तर दिलं होतं ना एकदा. त्यावर ते फक्त मान हलवायचे. जुलियाना बऱ्याचदा सोबत असायची. तिने त्या मे महिन्यानंतर चार वेळा रक्त दिलं. दर वेळी आधी रडायची.

यादी पुन्हा अकराशेच्या वर गेली. नानांनी तिच्या तीन सीडी केल्या. एक अल्पेशच्या दुकानात, एक विनिताकडे विरारला, एक वटारला जुलियानाकडे. छापील कागद वेगळे. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी ते तिन्ही ठिकाणी फोन करायचे. जुलियाना सांगते, की आवाज ऐकूनच कळायचं, माणूस कालपासून याच विचारात आहे.

"उघडून बघितलीस का?" नाना विचारायचे.

"उघडली, नाना. सगळी आहेत."

"कुठलंही एक नाव वाच."

ती वाचायची. पत्ता वाचायची, नंबर वाचायची. मग नाना म्हणायचे, "अजून एक वाच."