सरळ धरलेली नळी

पिंपरीच्या माळावरच्या नव्या प्रयोगशाळेत माझे एक वडीलधारे सहकारी माझ्या शेजारी बसत. घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. म्हणून दिवसभर काचनळ्या कलत्या करून रक्त वाहतंय की गोठलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. चहाचा पेलासुद्धा ते आधी कलता करत आणि दमलेल्या आवाजात म्हणत, “वाहतोय अजून.”

एकदा चिखली गावच्या लोकांनी, हे सापाचे डॉक्टर समजून, घोणस चावलेला माणूस बैलगाडीतून थेट फाटकाशी आणला. यांनी लस टोचली, त्याचं रक्त नळीत घेतलं आणि नळी मुठीत धरून बसून राहिले. गोठलं तर वाचेल, एवढं त्याच्या बायकोला कळलं होतं.

“गोठलं का वो, सायेब?”

“थांबा, बाई. जरा थांबा.”

नळी त्यांनी कलती केलीच नाही. नवऱ्याचा श्वास थांबला आणि बाईने हंबरडा फोडला, तेव्हाही ती त्यांच्या मुठीत सरळच होती.