भाऊंच्या डबीतले खडे

दत्तूभाऊ गेल्याची खबर आली तवा मी चौकच्या गॅरेजपुढं भजी खात होतो. आधी भजी संपवली, मग रडलो. असा हाय मी. शाळा बघितली नाय, म्हणून हे मी बोलतोय नि सून लिहितेय, महिन्यानं का होईना.

पंचाहत्तर-शहात्तर साल असंल. धरणाच्या कामावर मी खणायचो. भाऊ तिथल्या प्रयोगशाळेत, म्हंजे पत्र्याच्या शेडात. नदीचा गाळ वाळवून त्यात जाड किती, बारीक किती ते काढायचे. विजेवर हलणारं नवं यंत्र आलं, एकावर एक पितळी चाळण्या. भाऊंनी मला हाताखाली घेतलं. साहेब बोलला, "आठ दिवसांत शिकला तर ठेवा. नाय तर परत खणायला."

अर्धा किलो गाळ घालायचा, यंत्र चालवायचं, मग एकेका चाळणीवरचा तोलायचा. सगळं मिळून अर्धा किलोच भरलं पायजे. भरतच नव्हतं! भाऊंनी काटा पुसला, चाळण्या उजेडात धरून बघितल्या, यंत्राला शिव्या घातल्या.

"काश्या, सांडतोस का रं?"

"नाय भाऊ, लय जपून करतोय."

सातव्या दिवशी भाऊ तंबाखू थुंकायला खिडकीशी गेले ते तिथंच थिजले. खाली खड्यांचा ढीग.

"हे काय रं?"

मी छाती फुगवून बोललो, "निवडून टाकले. खड्यांसकट कोण चाळतं?" आमी भातवाले... आईनं तसंच शिकवलेलं.

"गाढवा, तेच तर तोलायचे हायत!" त्या दिवसाचे खडे माझ्या मुठीतच होते, ते भाऊंनी काढून घेतले.

गाळाचे सगळे नमुने नव्यानं चाळायला लागले. साहेब तापला. भाऊ बोलले, "मीच निवडायला सांगितलं." त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात लाल शेरा बसला, माझी नोकरी राहिली. पुढं रोज ठरवायचो, आज साहेबाला खरं सांगीन, निदान भाऊंची माफी मागीन... रोज चहा पिऊन घरी यायचो.

दहाव्याला भाऊंच्या गावी, कडावला गेलो तर वहिनींनी तंबाखूची डबी दिली. "तुमाला द्यायला सांगितलेली." आत तेच खडे नि चिठ्ठी. सुनेनं वाचली, 'काश्याच्या मुठीतले. हे धरले की अर्धा किलो बरोबर भरतो.'

आता सून तांदूळ निवडते, खडा अंगणात टाकते. मी उठतो, उचलतो, डबीत ठेवतो. काल ध्यानात आलं... त्यांच्या खड्यांत हे मिसळून भाऊंचं वजन मी परत चुकवलं.