ज्येष्ठमधाचे तीन आठवडे

नागपूरच्या विमानतळावर आई काचेबाहेर उभी होती. तिने हातानेच विचारलं, जेवलीस ना? मी मान डोलावली. सकाळपासून पोटात कण नव्हता. अमेरिकेला निघताना मी तिला मारलेली ती पहिली थाप.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये अकरा वर्षांत अशा थापा अंगवळणी पडल्या. मग कंपनीत लेऑफ सुरू झाले. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे दर सोमवारी मेल उघडताना जळजळ थेट घशाशी यायची. डॉक्टरांनी ॲसिड रिफ्लक्सच्या गोळ्या दिल्या, ब्लडप्रेशरची वेगळी दिली. ब्लडप्रेशरचं मी कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

गोळ्यांनी पित्त हटेना, तेव्हा माझ्या टीममधली लिन म्हणाली, "माझ्या आईच्या चिनी वैद्यांकडे चल." शिकागोच्या चायनाटाउनमधल्या त्या म्हाताऱ्या बाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली. मग चिनीत काही विचारलं. लिनने सांगितलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत का, विचारतायत."

लिनसमोर ब्लडप्रेशर कबूल केलं आणि ते ऑफिसात पोचलं तर? मी म्हणाले, "नाही."

त्यांनी काढ्याची पुडी बांधून दिली: वाळलेली संत्र्याची सालं, मुळ्या, ज्येष्ठमधाचे काप. रोज सकाळी काढा उकळायचे, आणि वर ब्लडप्रेशरची गोळीही घ्यायचे. जळजळ खरंच कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसला ड्राइव्ह करताना पाय शिशासारखे जड झाले. छातीत एक ठोका चुकला, मग दुसरा. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

"पोटॅशियम फार खाली गेलंय," इमर्जन्सीतली डॉक्टर म्हणाली. "घरी काही हर्बल घेता?"

मॉनिटर वाजत होता. शेवटी मी फोनमधला काढ्याच्या पुडीचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने माझ्याच फोनवरून लिनला फोन लावून त्यावरची चिनी नावं समजून घेतली. रोजच्या ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं, ब्लडप्रेशर चढतं. माझी गोळीही पोटॅशियम घटवणारीच होती. चायनाटाउनच्या त्या बाईंनी नेमकं तेच विचारलं होतं.

संध्याकाळी लिन आली. "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?" एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला आणि सगळं सांगून टाकलं. रिफ्लक्स, प्रेशर, लेऑफ, ॲम्ब्युलन्स. ती रागावली नाही.

"मीही एक सांगते," ती म्हणाली. "होळीच्या आधी बाथरूममध्ये पडले होते. मनगट मोडलं. तू फोन केलास की डावा हात टेबलाखाली ठेवायचे."

तिने हात वर केला. मनगट अजून थोडं वाकडं होतं.

मग कुणाचं काय दुखतं, कुठली गोळी कधी, काय खाल्लेलं सोसत नाही, हेच बोलत आम्ही दोघी तासभर बसलो. या अकरा वर्षांत मी चारदा नागपूरला जाऊन आले होते. पण घरी गेल्यासारखं मला त्या दिवशी वाटलं, नेपरव्हिलच्या स्वयंपाकघरात बसून.