समुद्राकडे कसं जायचं?

सायकल कुठे पोहोचण्यासाठी नसून जागोजागी थांबण्यासाठी असते, हा शोध जगात फक्त आमच्या साडूंना लागला आहे. दर उन्हाळ्यात ते सोलापूरहून महिनाभर श्रीवर्धनला आमच्याकडे येतात आणि सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघे सायकलींवर गावातून समुद्रापर्यंत जाऊन येतो. म्हणजे जातो मी, ते थांबतात. माझ्या मुलाची जुनी सायकल त्यांच्या देहाखाली कण्हत असते, गळ्यात सोलापुरी टॉवेल असतो, आणि घंटी ते माणसांपेक्षा कोंबड्यांसाठीच जास्त वाजवतात. एकदा रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठेना, तर त्याची झोप होईपर्यंत उभे राहिले. वर मलाच म्हणाले, "आपल्याला कुठे हजेरी लावायचीय?"

पण खरी खोड वेगळीच. वाटेत दिसेल त्याला ते विचारतात, "समुद्राकडे कसं जायचं हो?" श्रीवर्धनात, जिथे लाटांचा आवाज उशापर्यंत येतो आणि नाकासमोर चालत राहिलं तरी माणूस वाळूत जातो. बरं, त्याच माणसाला कालही विचारलेलं असतं. तरी लोक वाडीत सोडलेलं पाणी तसंच टाकून कुंपणाच्या गडग्यापाशी येतात, हात लांब करून रस्ता सांगतात, आणि रस्ता सांगितलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं म्हणून आत बोलावतात. मग शहाळं येतं, कोकमाचं सरबत येतं, एका घरी तर आंबोळ्या आल्या. मी बाहेर दोन्ही सायकली धरून उभा. माझा जन्म इथला, अर्ध्या गावाला अपूर्णांक मी शिकवले, पण माझ्या वाट्याला "सर, बरं हाय ना?" एवढंच. मी "व्हय" म्हणेपर्यंत विचारणारा आत गेलेला असतो. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मला त्यांचा हेवा वाटतो, सरळच सांगतो. आणि सगळ्यात जास्त वाटतो तो हसीनाभाभींच्या आंब्यावरून. त्यांच्या अंगणात पायरीचं झाड आहे. त्याचा पहिला पिकलेला आंबा घरात खायचा नाही, दारात थांबेल त्याच्या हातावर ठेवायचा, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. भाभींची मुलं माझ्याच वर्गात शिकली, मी आयुष्यभर त्या दारावरून शाळेत गेलो, पण थांबायचं काही कारणच पडलं नाही. साडूंनी पहिल्याच वर्षी तिथे समुद्र विचारला आणि आंबा घेऊन बाहेर आले. तेव्हापासून तो त्यांचाच. रस कोपरापर्यंत ओघळत असतो आणि कोय माझ्यापुढे धरून म्हणतात, "घ्या, चोखा." मी कधी घेतली नाही.

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारू नका म्हटलंय का?"

"मी? माझ्याच गावात रस्ता विचारू?"

यंदा साडू आले नाहीत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. मी एकटा निघू लागलो. कुठे थांबायचं नाही, त्यामुळे इतक्या लवकर परत यायचो की घरी चहासुद्धा झालेला नसायचा. परवा भाभी अंगण झाडत होत्या. "सर, बरं हाय ना?" म्हणून त्या वळल्या, आणि मी ब्रेक दाबला.

"भाभी, समुद्राकडे कसं जायचं?"

त्या हसल्या नाहीत. केरसुणी खाली ठेवून फाटकाशी आल्या आणि हात लांब केला. "असं सरळ जावा. मशिदीकडनं डावीकडं. मंग सुरूची झाडं दिसतील." मग म्हणाल्या, "पन आधी आत या. किती वर्सं नुसते दारावरनं जाताय."

पहिला आंबा मी त्यांच्या ओटीवर बसून खाल्ला. निघताना त्यांनी दुसरा हातात दिला. "ह्यो साडूंना. त्यांना म्हनावं, रस्ता इसरू नका."

संध्याकाळी मी सोलापूरला फोन लावला. "यंदा पहिला आंबा मला मिळाला," मी सांगितलं. इतकी वर्षं हे वाक्य ऐकवायची मला हौस होती. साडू हळूच म्हणाले, "कोय चोखलीत ना?"

चोखली, म्हणालो. त्यांचा आंबा पेंढ्यात ठेवला आहे. रोज सकाळी सायकल काढायच्या आधी मी त्याचा वास घेऊन बघतो. तो काही सोलापूरपर्यंत टिकायचा नाही, पण खावासाही वाटत नाही.